चार दिवस थांब, मास्तर

फोन आला तेव्हा मी गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होतो. हे काम मी घरात कुणाला करू देत नाही, बायको म्हणते तेवढाच माझा घरकामातला वाटा. शेजारी मोबाइलवर पुढच्या महिन्याच्या विमानफेऱ्यांचं रोस्टर उघडं होतं आणि सकाळपासून मी ते दहा वेळा पाहिलं असेल. मुंबई ते मेलबर्न, सकाळची फेरी, दोन कॅप्टन. पहिलं नाव बसवराजचं, त्याच्याखाली माझं. फोन शैलावहिनींचा होता, म्हणजे बसवराजच्या बायकोचा. मी उचलताच सुरू झालो, "वहिनी, पाहिलं का त्यानं रोस्टर? त्याला सांगा, भाकरी दोघांच्या आणायच्या, नाही तर मी बसू देणार नाही." मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले... गावी, अव्वाजवळ. आंघोळ करून अंगणात चहा घ्यायला बसले आणि..." इस्त्री शर्टावर तशीच राहिली. कॉलरखाली तपकिरी डाग पडला. तो शर्ट मी अजून टाकलेला नाही, टाकवत नाही.

बसवराज. मी त्याला बसू म्हणायचो, तो मला मास्तर. मी मास्तर कधीच नव्हतो; माझे वडील हदगावला शाळेत शिक्षक, एवढ्यावर त्यानं मला आयुष्यभरासाठी मास्तर करून टाकलं. आम्ही भेटलो लातूरला, भूकंपानंतर तीनेक वर्षांनी. तेव्हा अख्खा मराठवाडा ट्रंक आणि गादी घेऊन लातूरला उतरत होता. प्रत्येक गल्लीत क्लासची पाटी, प्रत्येक अंगणात पोरांसाठी बांधलेली खोली, आणि बसस्टँडवर उतरलेला प्रत्येक बाप पोराला डॉक्टर करूनच परत जाणार असल्यासारखा. मला तोवर तीन खोल्यांतून काढलं होतं, कारण मी घोरतो. चौथ्या ठिकाणी गेलो तर एक काळासावळा, लांब हातांचा मुलगा घरमालकाशी वाद घालत होता. बाकीची पोरं पक्की खोली मागत होती आणि हा विचारत होता, "मालक, स्लॅबची नगं. पत्र्याची हाय का?" मालकानं मागच्या अंगणातली पत्र्याची खोली दाखवली. उन्हाळ्यात तिथं भाजून निघणार हे दिसत होतं. मी आधीच सांगून टाकलं की मी घोरतो. तो म्हणाला, "घोर बिनधास्त. मला तसं बी जागंच ऱ्हायचं असतंय."

तो निलंग्याकडच्या एका खेड्यातला. भूकंपात त्याचे वडील गेले, धाकटी बहीण गेली. तो आणि त्याची आई, जिला तो अव्वा म्हणायचा, तेवढे उरले. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, भाजी चिरताना, दोन वाक्यांत, आणि लगेच विचारलं, "मिरच्या किती टाकू?" पुढं त्यावर तो कधी बोलला नाही. पण त्याच्या ट्रंकेत स्टीलचे दोन पेले होते, ढिगाऱ्यातून निघालेले. एकावर त्याच्या वडिलांचं नाव कोरलेलं, दुसरा कोरा आणि काठाशी चेपलेला. झोपायच्या आधी तो उशाशी एक ताट ठेवायचा, ताटात एक पेला उपडा घालायचा आणि त्याच्या बुडावर दुसरा सरळ उभा करायचा. जमीन जराशी जरी हलली तरी वरचा पेला ताटात पडून खणकन वाजायचा. त्या भागात तेव्हा घरोघरी असंच काहीबाही रचून ठेवलेलं असायचं. मला आधी हसू आलं होतं, हे कबूल करतो.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातली एक दुपार. आम्ही जेवून आडवे झालो होतो आणि रस्त्यानं रोडरोलर चालला होता. पेला वाजला. मी डोळे उघडायच्या आत बसूनं माझं मनगट धरलं होतं आणि आम्ही दोघं रस्त्यावर उभे होतो, मी बनियनवर, तो त्याहून कमी कपड्यांत. समोरच्या घरातल्या बाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या होत्या, पलीकडचे आजोबा लुंगी सावरत होते. रोडरोलर आपला सावकाश पुढं निघून गेला. कुणी हसलं नाही. लातुरात त्या वर्षांत त्याला कुणी हसत नसे. आत आल्यावर मी मनगट चोळत म्हणालो, "अरे, हाताला वळ उठला की." तो पेले पुन्हा रचत म्हणाला, "उठू दे. एकट्यानं पळायची सवय लागली तर वाईट." मी तेव्हा ते सोडून दिलं. अठरा वर्षांच्या पोराला अशी वाक्यं कुठं ऐकू येतात!

आमच्या क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा असायची आणि सोमवारी तिच्या गुणांवरून बसायच्या जागा बदलायच्या. पहिला आणि दुसरा पहिल्या बाकावर, तिसरा-चौथा दुसऱ्या, असं शेवटच्या भिंतीपर्यंत. त्यामुळं मित्राशेजारी बसायचं तर नंबरही शेजारचाच यावा लागे. बसू हुशार होता, माझ्याहून बराच. तरी कितीतरी सोमवारी तो माझ्याच बाकावर यायचा. मी सातवा तर तो आठवा, मी अकरावा तर तो बारावा. मला वाटायचं, काय योगायोग आहे! एकदा त्याची उत्तरपत्रिका हाती लागली. शेवटचा गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न, जो त्यानं आदल्या दिवशी मला शिकवला होता, तो कोरा सोडलेला. मी विचारलं तर म्हणाला, "वेळ पुरला न्हाई रं." मी त्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर ठेवणं सोयीचं होतं.

विमानाचं वेड त्याचंच. भूकंपानंतर त्यांच्या गावावर हेलिकॉप्टरं यायची, तेव्हा तो वर पाहत बसायचा. "खालचं समदं हललं व्हतं मास्तर, वरचं काय हललं नव्हतं," एवढंच तो त्याचं कारण सांगे. माझा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला तेव्हा मी आठ दिवस तोंड लपवून हदगावला पडलो होतो. हा बस बदलत बदलत आला, माझ्या वडिलांच्या पाया पडला आणि विमानाच्या शाळेचे दोन फॉर्म पुढं ठेवले. माझाही त्यानंच भरून आणला होता, फक्त सही बाकी. वडील चष्मा पुसत म्हणाले, "हा विमान चालवणार? ह्याला सायकलवरून पडल्यावर दोनदा मीच उचलून आणला आहे." बसू म्हणाला, "गुरुजी, मी बसतो की शेजारी." तो शब्द त्यानं धरून ठेवला. उदगीरला त्याच्या मामांचं आडत दुकान होतं, त्यांनी त्याच्या शिक्षणाचा भार घेतला. माझ्यासाठी वडिलांनी काय काय केलं ते वेगळंच प्रकरण आहे. आम्ही दोघं शिकलो, धडपडलो आणि अखेर एकाच कंपनीत एकाच वर्षी लागलो.

पण शेजारी बसणं काही जमेना. कॉकपिटमध्ये जागा दोन. एका जागेवर कॅप्टन, दुसरीवर को-पायलट. आम्ही दोघं एकाच वेळी को-पायलट होतो आणि पुढं एकाच वेळी कॅप्टन झालो, त्यामुळं एकाच विमानात दोघांना पाठवायचं कंपनीला कारणच नव्हतं. परदेशातल्या हॉटेलात कधीमधी गाठ पडायची, तो निघायचा आणि मी पोचलेला असायचो. त्याच्या खोलीत शिरलं की टेबलावर ते दोन पेले रचलेले दिसायचे, कुठलाही देश असो. एकदा हॉटेलच्या बाईनं ते आवरून धुऊन कपाटात ठेवले, तर साहेबांनी खाली जाऊन मॅनेजरला भूकंपावर अर्धा तास व्याख्यान दिलं. आमचं दोघांचं एकच म्हणणं होतं, एकदा तरी शेजारी बसून विमान न्यायचं, आणि ते लातूरवरून जाणारं असेल तर बेस.

ती संधी नव्या विमानानं आणली. आम्ही चालवत होतो ते जुनं, चार इंजिनांचं. दणकट, ओळखीचं, पण म्हातारं होत चाललेलं. कंपनीनं दोन इंजिनांची नवी विमानं घेतली. ती न थांबता इतकी लांब जातात, की एका फेरीला दोन कॅप्टन आणि दोन को-पायलट लागतात. पाळ्या लावून उडवायचं, आणि मधले काही तास दोन्ही कॅप्टन शेजारी बसू शकतात. वाचणाऱ्यांना वाटेल, विमान ते विमान, आज हे उद्या ते. तसं नसतं. वैमानिक एका वेळी एकाच जातीचं विमान चालवतो. नव्यावर जायचं म्हणजे जुनं सुटलं. पुन्हा पुस्तकं, पुन्हा परीक्षा, कित्येक महिने सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरचं खोटं कॉकपिट. आणि मुख्य म्हणजे नव्या यादीत सगळ्यात खाली नाव. जुन्या विमानावर आम्ही इतके वर होतो, की सुट्ट्या स्वतः निवडायचो. बसू दर महिन्याला चार दिवस अव्वाकडे जायचा, एकही महिना चुकला नव्हता. अव्वाला सरकारनं पक्कं घर बांधून दिलं होतं, पण ती त्याच्या स्लॅबखाली कधी झोपली नाही. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच तिचा संसार. नव्या विमानावर गेलं की ते महिन्याचे चार दिवस निदान दोन-तीन वर्षं तरी गेले, हे बसूला कळत होतं.

कंपनीनं पत्र काढलं, की पहिल्या तुकडीत एकाच जोडीची जागा उरली आहे, दोन कॅप्टननी मिळून नाव द्यावं. प्रशिक्षण जोडीनंच होतं, दोघांनी एकमेकांच्या चुका धरत शिकायचं असतं. आम्ही कॅन्टीनमध्ये बसून ते पत्र तीन वेळा वाचलं. बसू बराच वेळ चमच्यानं साखर ढवळत होता. मग म्हणाला, "चार दिवस थांब, मास्तर. अव्वाला इचारून येतो. ती हो म्हणली की आल्या आल्या फॉर्म टाकू." मी म्हणालो, "हाव, थांबतो की. मी कुठं पळून राहिलो?" तो त्याच संध्याकाळी लातूरच्या गाडीत बसला.

मी थांबलो नाही. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, की आणखी एक जोडी नाव देणार आहे, आज-उद्याच. बस्स. माझ्या आत लातूरचा तो सोमवार जागा झाला. यादी लागलेली आहे, सगळे पुढं सरकताहेत आणि मी भिंतीला टेकून शेवटच्या बाकावर! बसूला फोन लावता आला असता. मी लावला नाही, कारण तो म्हणाला असता, थांब. मी स्वतःला समजावलं, की अव्वा काही त्याला सोडायची नाही, तो येऊन नाहीच म्हणणार, मग दोघांची संधी कशाला घालवायची? आणि दुसऱ्या एका कॅप्टनचं नाव शेजारी लिहून मी फॉर्म देऊन टाकला. सही एका दमात करून टाकली, हेच आज जास्त लागतं.

तो पाचव्या दिवशी परत आला तो थेट माझ्याकडे, हातात डबा. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोघांपुरती. मी दारातच घडाघडा सगळं सांगितलं, त्या दुसऱ्या जोडीचं जरा वाढवूनच. तो ऐकत राहिला. चप्पल काढली, आत आला, डबा टेबलावर ठेवला. मग हसून म्हणाला, "बरं केलास. अव्वा नगंच म्हणली. म्हणली, हाय तेच इमान बरं हाय." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पुढची पाच वर्षं जो विचारेल त्याला मी सांगत आलो, की बसवराज हुशार माणूस, पण आईपायी मागं राहिला.

त्या पाच वर्षांतली एक आठवण. समुद्रावरून जाताना वैमानिकांना आपसात बोलायची एक मोकळी फ्रिक्वेन्सी असते, पुढच्या ढगांची, वाऱ्याची खबर द्यायला. एका दुपारी मी बंगालच्या उपसागरावरून परतत होतो. कानात एकदम आवाज आला, "मास्तर, हाईस का?" समोरून, आमच्यापेक्षा बऱ्याच खालून, त्याचं चार इंजिनांचं विमान येत होतं. आमच्या फेरीचा नंबर त्यानं आधीच बघून ठेवला होता. मी म्हणालो, "हाव. तू कुठंस?" "वर बसून खाली काय बगायलास, डावीकडं बग की. जेवलास का?" "आत्ताच." "काय व्हतं?" "पनीर." तो म्हणाला, "आमच्यात बी पनीरच. मग उगंच गेलास की रं." माझा को-पायलट हसायला लागला. तेवढ्यात तिसऱ्याच कुणी परदेशी वैमानिकानं इंग्रजीत विचारलं, ही कुठली भाषा? बसूनं गंभीर आवाजात उत्तर दिलं, "लातूर." डावीकडे एक पांढरी रेघ सरकली आणि मागं गेली. सगळं मिळून मिनिटभर. मी हसत होतो आणि मला बसू हवा होता, तिथं, शेजारच्या जागेवर. ती ओढ मी त्याला कधी बोलून दाखवली नाही. काय तोंडानं बोलणार?

जुनी विमानं अखेर मोडीत निघाली तेव्हा बसूला नव्यावर यावंच लागलं. त्याचं प्रशिक्षण सुरू असताना एका दिवशी त्याच्या जोडीदाराला ताप आला. मी त्या दिवशी रिकामा होतो, मागं लागून ती जागा मागून घेतली. अशा रीतीनं आम्ही पहिल्यांदा शेजारी बसलो, पण जमिनीला खिळलेल्या एका पेटीत. चार तास इंजिनं बंद पडली, आगी लागल्या, चाकं उघडेनात. तो शांत हातानं सगळं निस्तरत होता आणि मी चूक केली की माझ्या मनगटावर टपली मारत होता. शेवटी दहा मिनिटं उरली. शिकवणारे कॅप्टन भले माणूस, म्हणाले, कुठं जायचं ते जा. बसू म्हणाला, "हैदराबादवरून उचलू, निलंग्याकडं नेऊ." आम्ही नेलं. अंतर बरोबर पडत होतं, दिशा बरोबर होती, पण खाली काही नव्हतं. त्या यंत्रात मोठी विमानतळं बारकाईनं रंगवलेली असतात, बाकी सगळा नुसता तपकिरी-हिरवा पट्टा. ना गाव, ना रस्ता, ना तेरणा नदी. बसू काचेला नाक लावून बघत होता. मग त्यानं बोट टेकवलं, "हितं. हितं असंल बग अव्वा. शेंगा फोडत बसली असंल." मी पाहिलं, तिथं तपकिरी रंग होता. "खरं जाऊ तवा दावतो तुला," तो म्हणाला. आमची ती शेवटची भेट.

फोन आला त्या दिवशी मिळेल त्या गाडीनं मी गावी पोचलो. ते लिंगायत, त्यांच्यात देह बसवून ठेवतात. अंगणात शेडपुढं बसूला मांडी घालून बसवला होता, कपाळावर भस्म, गळ्यात शेवंतीचे हार, पाठ ताठ. अगदी सीटवर बसल्यासारखा. अव्वानं मला पाहिलं आणि त्याच्या शेजारची जागा हातानं झाडली. मी बसलो. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. किती वेळ बसलो माहीत नाही. मी काय काय बोललो असेन मनातल्या मनात... पण जे बोलायला हवं होतं ते तेवढं नाही.

ते बोललो अकराव्या दिवशी, पुन्हा गावी गेलो तेव्हा. गणाराधनेची, म्हणजे दिवसकार्याची पंगत उठली होती, पाहुणे पांगले होते, शैलावहिनी आत पडल्या होत्या. अव्वा अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मी निघायच्या बेतात, पिशवी खांद्याला. तीन दिवसांनी मेलबर्नची ती फेरी होती, ह्याच गावावरून जाणारी; बसूच्या नावाच्या जागी आता दुसऱ्याचं नाव आलं होतं. मी म्हणालो, "अव्वा, तुझ्यासाठी तो पाच वर्षं जुन्या विमानावर राहिला. असा लेक कुणाला मिळतो?" ती मान वर करून माझ्याकडं पाहत राहिली. "माज्यासाठी? का म्हणून? मीच तर म्हणलं व्हतं, जा. महिन्याला नगं येऊ, वरसाला ये. मास्तर संगं हाय, मला काय फिकीर न्हाई म्हणलं. दोघांच्या भाकरी बी करून दिल्या." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मग फोन करून म्हणला, अव्वा, मास्तरची निवड झाली, आपली पुढच्या खेपंला. तवा मला काय उमगलं न्हाई. तुमी तर जोडीनं जाणार व्हतात. तुजी एकट्याचीच कशी झाली रं?"

तिच्या विचारण्यात कसला आरोप नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. बसूनं तिलाही सांगितलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पुढ्यात मातीवर बसून सांगितलं. चार दिवस थांब म्हणाला होता, मी एक दिवस थांबलो. पाच वर्षं, अव्वा. पाच वर्षं आम्ही शेजारी बसलो असतो, ह्याच गावावरून शंभरदा गेलो असतो. त्यानं माझ्या बाकावर येता यावं म्हणून प्रश्न कोरे सोडले आणि मी त्याच्यासाठी तीन दिवस सोडले नाहीत. मी रडत होतो, बेचाळीस सुट्ट्या शिल्लक असलेला, केस पिकलेला माणूस. अव्वाचे हात सुपात थांबले होते. बऱ्याच वेळानं ते पुन्हा चालू झाले. ती मला माफ केलं म्हणाली नाही, शिवीही दिली नाही. म्हणाली, "आता आलास तर चार दिवस ऱ्हा."

मी ऑफिसला फोन लावून मेलबर्नची फेरी सोडली. पलीकडच्या मुलानं दोनदा विचारलं, सर, नक्की? मी म्हणालो, नक्की. ज्या फेरीसाठी अख्खी उमेद जपली ती सोडताना मला काहीच वाटलं नाही.

मी शेडमध्येच राहिलो. दुपारी अव्वा मला सतरंजी टाकून द्यायची आणि उशाशी ताट ठेवायची. ताटात बसूचे पेले, त्याच्या बॅगेतून परत आलेले. वडिलांच्या नावाचा उपडा आणि त्यावर चेपलेला सरळ. शैलावहिनींनी सांगितलं, की आकाशात विमान वाजलं की अव्वा हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि जो दिसेल त्याला विचारायची, "ह्यात हाय का रं आमचा बसू?" शेजाऱ्यांनाही सवय झाली होती, ते खुशाल हाव म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मी घड्याळ बघत अंगणात उभा होतो. पश्चिमेकडून ते आलं. खूप उंच, आवाज मागाहून, मागं पांढरी रेघ. आमचं विमान, मेलबर्नचं. अव्वा शेडच्या दारात आली, कपाळावर हात धरून वर पाहू लागली. मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो, आता विचारेल, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. विमान निलंग्याच्या अंगाला उतरत्या आभाळात दिसेनासं झालं. मग ती आत गेली, ताटातला वरचा पेला उचलला, पदरानं पुसला, माठातलं पाणी त्यात ओतलं आणि मला आणून दिलं. मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. रिकामा पेला माझ्या हातातून घेऊन तिनं तो पुन्हा त्या उपड्या पेल्यावर ठेवला, हलत नाही ना ते बोट लावून पाहिलं, आणि म्हणाली, "अजून एक दिवस हाय तुजा."